शेवटी 'इंडियन ओशन' समोर बसून ऐकलं!

सांजवात

शनिवारी रात्री साडेअकराला घरी आले आणि तेव्हापासून कानात तेच घुमतंय. आज लिहून काढल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही, म्हणून हा धागा.

२००१ साली मी हॉस्टेलला होते. शेजारच्या खोलीतली मुलगी सुट्टीत घरी जाताना माझ्या टेबलावर एक कॅसेट विसरून गेली. वरचं कव्हर हरवलेलं, पट्टीवर बॉलपेनानं नुसतं 'कंदीसा' लिहिलेलं. कोण गातंय, कुठल्या भाषेत गातंय, काहीच कळेना. दक्षिणेकडची भाषा असेल असं वाटून मी आमच्या मेसमधल्या एका मल्याळी मैत्रिणीला ऐकवलं. ती म्हणाली, "भाषा माझी नाही, पण हे आमच्याकडचंच आहे." बऱ्याच दिवसांनी उलगडा झाला: ती केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची जुनी प्रार्थना आहे, अरामी भाषेतली. 'इंडियन ओशन' या दिल्लीतल्या बँडच्या चौघांनी ती उचलून गिटार, बास गिटार, ड्रम आणि तबल्यावर बसवली होती. सुश्मित सेन, असीम चक्रवर्ती, राहुल राम, अमित किलम. ही चार नावं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती.

त्यातला असीमचा आवाज माझ्या आत जाऊन बसला. घोटीव, तयारीचा असा तो आवाज नव्हता. भरदार होता, कडेला थोडा खरखरीत, आणि वर गेला की दार सताड उघडावं तसा उघडायचा. गाणारा माणूसच तबलाही वाजवतोय हे समजलं तेव्हा मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा पुन्हा तेच ऐकत बसले होते.

ऐकायला जायचं मात्र जमत नव्हतं. २००४ मध्ये परीक्षा आडवी आली. २००७ मध्ये तिकीट हातात होतं, तर कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस कोसळला आणि मैदानावरून सगळे परत. मग २५ डिसेंबर २००९. असीम गेल्याची बातमी मी दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये वाचली. घरी येऊन कॅसेट लावायला हात धजेना.

त्यानंतर मी ठरवून गेले नाही. दोनदा आमच्या गावात कार्यक्रम झाला, मी घरी बसले. २०१३ मध्ये सुश्मित सेनही बाहेर पडले तेव्हा तर वाटलं, आता कुणासाठी जायचं? ज्या दोघांनी १९९० मध्ये बँड सुरू केला त्यांतला एकही उरला नव्हता. दुसऱ्या कुणी ती गाणी म्हणणं मला सोसवणार नाही अशी माझी पक्की समजूत होती.

या खेपेला भाच्यानं नेलं. एकोणीस वर्षांचा आहे, बास शिकतोय. त्यानं मला विचारलंच नाही, दोन तिकिटं काढली आणि सांगितलं, "मावशी, शनिवारी मोकळी राहा." त्याच्यासाठी इंडियन ओशन म्हणजे हिमांशू जोशी, तुहीन चक्रवर्ती आणि निखिल राव आहेत, सोबत राहुल आणि अमित. माझ्या वहीतल्या यादीचा त्याला पत्ताच नाही.

सुरुवात बिनशब्दांच्या तुकड्यानं झाली. राहुल रामच्या बासचा पहिला सूर खुर्चीतून पाठीला लागला. कॅसेटवर हा माणूस इतकं वाजवत होता हे मला इतक्या वर्षांत ऐकूच आलं नव्हतं! माझ्या टेपरेकॉर्डरला तो खालचा सूर पेलतच नसावा. अमित किलमनं मधेच काठ्या बाजूला ठेवून गबगुबी घेतली. बाउल गायकांच्या हातात दिसतं ना, काखेत धरून तार ताणत छेडायचं, ते वाद्य. एवढंसं दिसतं, आणि सगळं सभागृह त्याच्या तालावर डोलत होतं.

'कंदीसा' शेवटून दुसरं आलं. पहिला आलाप सुरू झाला तशी मी भाच्याचा हात घट्ट धरला. आवाज वेगळा होता. अर्थातच वेगळा होता. हिमांशू असीमसारखं गायचा प्रयत्नही करत नव्हता, स्वतःच्या गळ्यानं गात होता. पहिली दोन-तीन मिनिटं मी मनात असीमचा आवाज वरून लावून बघत होते आणि तो जुळत नव्हता. मग गाणं चढायला लागलं, मागच्या रांगांमधून लोक गायला लागले. अरामीचं अक्षर न कळणारे शेकडो लोक एकेक अक्षर बरोबर म्हणत होते. त्यात मीही गात होते हे मला भाच्यानं नंतर सांगितलं.

एवढी वर्षं गेले नाही याचं आता फार वाईट वाटतंय. तुमच्यापैकी कुणी असं थांबलंय का? माणसं बदलली की बँड तोच राहतो असं तुम्हाला वाटतं का?

---

पिंपळपान

काय सुंदर लिहिलं आहेस! 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटातलं 'बंदे' सोडलं तर मी यांचं काही ऐकलेलं नाही. कुठून सुरू करू?

---

खर्जातला

मी असीमला ऐकलंय. २००५, कॉलेजच्या महोत्सवात, तिसऱ्या रांगेतून.

स्टेजवर तो चौथऱ्यावर मांडी घालून बसलेला, पुढ्यात तबला आणि तोंडाशी माइक. तबलजी बहुधा मान खाली घालून किंवा गायकाकडे बघत बसतो. हा मान वर करून समोर बघत गायचा आणि हात खाली आपापलं काम करत असायचे. मी स्वतः तबला शिकलोय म्हणून सांगतो, ठेका धरून गाणं हेही सोपं नाही, पण ते सरावानं जमतं. हा ठेका धरून गात नव्हता. हातांची लय एकीकडे आणि गाण्याची ओळ तिच्या आडवी, समेच्या अलीकडे-पलीकडे. दोन्हीचा श्वास एकच. त्या रात्री खोलीवर परत येऊन मी टेबलावर बोटं आपटत गाऊन पाहिलं, चार ओळींत सगळं कोसळलं.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल. मी २०११ मध्ये पुन्हा गेलो होतो आणि मध्यंतराच्या आधी उठून आलो. वाजवणारे उत्तम वाजवत होते. माझी नजर सारखी तबल्याकडे जात होती आणि तबला गात नव्हता. एका माणसाचं काम आता दोघं करतात, तुहीन वाजवतो आणि हिमांशू गातो. दोघंही चांगले आहेत. पण माझ्यासाठी ते गाणं एका देहातून यायचं, ते तिथं थांबलं. त्यामुळे माझं उत्तर नाही असं आहे. नाव तेच आहे, बँड दुसरा आहे.

---

शततारका

खर्जातला, तुमचं दुःख कळतं, तरी मला तसं वाटत नाही.

आमच्या गावी अखंड हरिनाम सप्ताह असतो. त्यात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नाम चालूच. माझे आजोबा पहाटेचा पहारा करायचे. ते गेले त्या वर्षी त्यांच्या पहाऱ्याला शेजारचे काका उभे राहिले. आजीला पहिल्या दिवशी तिथं बसवेना, उठून घरी आली. दुसऱ्या दिवशी मात्र ती आपणहून जाऊन बसली.

सांजवातनं 'कंदीसा'बद्दल लिहिलंय तेच बघा. ती प्रार्थना असीमच्या गळ्यात येण्याआधी किती पिढ्यांच्या गळ्यातून आली असेल!

---

खर्जातला

शततारका, आजींचं वाचून गलबललो. पण वीणेचा दाखला मला इथं पूर्ण लागू वाटत नाही. भजनाची चाल सगळ्यांची असते, ती कुणाच्याही गळ्यात बसावी अशीच घडलेली असते. बँडचं गाणं सरावाच्या खोलीत, त्या चार माणसांच्या खोडीनिशी जन्मतं. सुश्मित सेनची गिटारची बोटं घ्या. ती रॉकच्या वळणाची नाहीत आणि सतारीची नक्कलही नाहीत, ती फक्त त्यांची आहेत. निखिल राव ते सूर वाजवू शकतो, तो फार तयारीचा वादक आहे, पण ती गाणी सुश्मितच्या बोटांच्या मापानं शिवलेली आहेत.

लोकगीताच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मान्य.

---

रेवाकाठ

लोकगीताचा विषय निघालाच आहे तर मला थोडं लिहायचंय.

सांजवातताई, मी १९९२-९३ मध्ये नर्मदेच्या खोऱ्यात कार्यकर्ता म्हणून काही महिने होतो. मणिबेली, अक्कलकुवा तालुका. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं हे गाव सगळ्यात आधी गेलं. संध्याकाळी नदीवर अंधार पडला की गाणी सुरू व्हायची. तिथं नदीला नर्मदा कमी आणि रेवा, मैया जास्त म्हणतात. चळवळीची गाणी होतीच, पण बायका आपली जुनी नदीची गाणीही म्हणायच्या. दिवसभर सर्वेक्षण, पोलीस, बैठका. रात्री मात्र आमच्यासारख्या शहरातून आलेल्यांना कळायचं की ही भांडणं कशासाठी चालली आहेत.

राहुल राम त्याच काळात नर्मदा बचाओ आंदोलनात होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर पीएचडी करून आलेला माणूस खोऱ्यात काम करत होता आणि दिल्लीत बँडमध्ये बास वाजवत होता. 'मा रेवा' तिथूनच बँडमध्ये आलं.

मी ते पहिल्यांदा ऐकलं एका दुकानात, २००२ मध्ये. रस्त्यावर उभा राहिलो. ज्या घरांच्या ओट्यावर बसून तसली गाणी ऐकली ती घरं तोपर्यंत पाण्याखाली होती. तेव्हा मला असीम, सुश्मित कुणीच माहीत नव्हतं. बँड तोच की दुसरा हा प्रश्न तुमच्यासाठी खरा आहे, मी तो खोटा म्हणत नाही. माझी ओढ वेगळी आहे. मुंबईच्या, दिल्लीच्या सभागृहात आजही हजार माणसं त्या नदीचं नाव मोठ्यानं घेतात, आणि तेवढ्यासाठी मी दर वेळी जातो.

शनिवारी वाजवलं का ते?

---

सांजवात

रेवाकाठ, हो, वाजवलं, तिसरं की चौथं. मी ते गाणं चोवीस वर्षं गुणगुणतेय आणि मणिबेली हे नाव आज तुमच्यामुळे त्याच्याशी जोडलं गेलं. आता ऐकताना त्या ओट्याची आठवण येईल.

शततारका, आजी दुसऱ्या दिवशी आपणहून गेल्या हे वाचून डोळे भरले.

---

ध्वनिवेडा

कार्यक्रमांची ध्वनियोजना हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. वर बासचा आणि तबल्याचा उल्लेख आला म्हणून पडद्यामागचं थोडं सांगतो. यातलं बरंचसं कुणालाही पुढच्या कार्यक्रमाला उपयोगी पडेल.

ड्रम आणि तबला एकाच स्टेजवर म्हणजे आमची कसोटी. ड्रमला माइक नसला तरी तो सभागृहभर ऐकू जातो. तबला नाजूक. त्याच्यासाठी माइकचा आवाज वाढवावा तर त्याच माइकमध्ये शेजारचा ड्रम शिरतो. शिवाय डग्ग्याची, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याची घुमक, ड्रमचा पायातला ठोका आणि बास गिटार हे तिघं खालच्या पट्टीत एकमेकांच्या अंगावर येतात. बासची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्‌झवर असते, तिचे वरचे स्वर थेट डग्ग्याच्या घरात येतात. तिघांनाही मोकळं सोडलं की नुसता गडगडाट होतो. मग प्रत्येकाला थोडं कापून जागा करून द्यायची. डग्ग्याची मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, ऐकू यावी म्हणून तिथं बास किंचित मागे घ्यायचा, ड्रमचा ठोका नेमका वाजावा म्हणून त्याची शेपटी छाटायची. सांजवात म्हणतात तसं खुर्चीतून बास आला आणि तरी तबल्याचे बोल स्वच्छ कळले असतील, तर त्या रात्री मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसानं फार कष्ट घेतलेत.

आणखी एक. तबला कातड्याचा. दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो, स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेनं सुकून चढतो. गिटारवाला गाण्यांच्या मधे दहा सेकंदांत सूर लावतो, तबलजीला हातोडी घेऊन कडेचे लाकडी गठ्ठे ठोकावे लागतात. राहुल राम दोन गाण्यांच्या मधे प्रेक्षकांशी एवढ्या गप्पा मारतात त्या मला म्हणूनही आवडतात, मागे तेवढ्या वेळात सूर लागून जातो.

आता बसायचं कुठे? पुढे जाऊ नका. स्टेजला चिकटलात तर कच्चा ड्रम आणि वादकांसाठी लावलेले स्पीकर ऐकू येतात, गायकाचा आवाज डोक्यावरून मागे जातो. मिक्सर जिथं मांडलेला असतो त्याच्या जरा पुढे, मधोमध. सगळा हिशोब त्या जागेवरच्या कानांनी केलेला असतो.

---

कर्णिका

ध्वनिवेडा यांना अनुमोदन. त्यात कानाची डॉक्टर म्हणून भर घालते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास हा कामाच्या ठिकाणचा सुरक्षित मानलेला हिशोब आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला तो पंधरा मिनिटांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं सुचवलंय.

संगीतासाठीचे कानातले बोळे मिळतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात, त्यामुळे गाणं बुजत नाही. सांजवात, कानात 'घुमतंय' ते गाणंच आहे ना? शिट्टीसारखा आवाज दोन दिवसांनंतरही येत असेल तर तपासून घे.

भाच्याला तर बोळे आजच घेऊन दे. बास वाजवणारी मुलं ड्रमच्या शेजारी उभी राहून तासन्‌तास सराव करतात आणि चाळिशीत माझ्याकडे येतात.

---

सांजवात

कर्णिका, गाणंच आहे, शिट्टी नाही. भाच्याला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यानं लगेच मागवले.

पिंपळपान, तुझा प्रश्न मागेच राहिला. 'कंदीसा' (२०००) पासून सुरू कर. सलग ऐक, मधलं काही वगळू नकोस. मग मागे जाऊन 'डेझर्ट रेन' (१९९७), ते प्रेक्षकांसमोर वाजवलेलंच ध्वनिमुद्रण आहे, शब्द फार कमी. पुढे 'झीनी' (२००३), त्यात कबीर आहे. 'बंदे' तुला माहीतच आहे, त्याचे शब्द पीयूष मिश्रांचे. आणि '१६/३३० खजूर रोड'.

---

पिंपळपान

काल रात्री दिवे घालवून 'कंदीसा' पूर्ण ऐकला. आज कामात लक्ष नाही. बाकीचं नंतर लिहिते.

खजूर रोड म्हणजे काय?

---

खर्जातला

खजूर रोड दिल्लीत करोल बागेत आहे. १६/३३० हा तिथला जुना बंगला, त्यात ते वर्षानुवर्षं सराव करत. अल्बमला थेट पत्ताच नाव म्हणून दिला. २०१० मध्ये दर महिन्याला एक गाणं असं त्यांनी ते इंटरनेटवर सगळ्यांना फुकट दिलं होतं. असीमचा आवाज त्यात आहे. तो गेल्यानंतर बाहेर आलेला त्याचा आवाज.

मी तेव्हा महिन्याच्या त्या दिवसाची वाट बघायचो. गाणं उतरवून घ्यायचो, आणि एकेकदाच ऐकायचो. आता लिहिताना जाणवतंय, २०११ मध्ये मी गेलो तेव्हा ती गाणी अजून ताजी होती. माणूस जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मी तिथं बँड ऐकायला गेलोच नव्हतो बहुतेक.

सांजवात, एक सांग. तुहीन कुठे बसतो? तबला कसा दिसतो स्टेजवर?

---

सांजवात

प्रेक्षकांतून बघताना डावीकडे, जरा उंचावर. मांडी घालून. समोर बघत नाही, त्याची नजर सारखी अमितच्या ड्रमकडे असते. एका तुकड्यात दोघांचा सवाल-जवाब झाला, पाच-सात मिनिटं तरी. तू तबला शिकलायस, तुला त्यात माझ्यापेक्षा खूप काही कळलं असतं. मला एवढंच दिसलं की शेवटची तिहाई, तीनदा वाजवायचा तो शेवटचा तुकडा, एकत्र संपली तेव्हा दोघंही लहान मुलांसारखे हसले.

कॅसेट काल शोधून काढली. फीत चिकटली असेल या भीतीनं भाच्यानं आधी पेन घालून हळूहळू फिरवली. वाजते आहे. आवाज थोडा लडबडतो. त्यानं पूर्ण ऐकली, आणि असीमचं नाव विचारून त्याच्या मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

---

खर्जातला

मग मला पुन्हा जायला हवं.

आमच्याकडे कार्यक्रम लागला की इथेच टाकतो. रेवाकाठ, तुम्ही येणार असाल तर सांगा, तिकिटं एकत्र काढू. ध्वनिवेडा म्हणतात तिथे, मिक्सरच्या पुढे, मधोमध.

---

रेवाकाठ

येतो. माझं एक धरा.